कुटकी : एका रुग्णामागे तीन रोपे

आयुर्वेदीय चिकित्सेत यकृत, पित्त आणि जीर्णज्वर यांचा विचार करताना ज्या द्रव्याचे स्मरण अपरिहार्यपणे होते, ते द्रव्य म्हणजे कटुका, अर्थात कुटकी. चरकाचार्यांनी लेखनीय, भेदनीय आणि स्तन्यशोधन या तीन महाकषायांत तिची गणना केली आहे. पुनर्नवाष्टक क्वाथ, महातिक्तक घृत, आरोग्यवर्धिनी अशा नित्य व्यवहारातील कल्पांत तिचे स्थान अढळ आहे. पावसाळ्यात कामलेचे रुग्ण वाढू लागले की नेरसारख्या तालुक्याच्या गावीही वैद्यांच्या औषधालयातून कुटकीचा वापर किती वाढतो, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको.

असे असूनही ही वनस्पती कोठे वाढते, तिला वाढण्यास किती वर्षे लागतात आणि तिची निगा कोण राखतो, याविषयी आपल्या व्यवसायात फारशी चर्चा होत नाही. काष्ठौषधीच्या पोत्यावर ‘कुटकी’ हे नाव पाहून आपण माल उतरवून घेतो आणि दर पाहून पुढील मागणी नोंदवितो. प्रस्तुत लेखात या द्रव्याची लागवड, संगोपन व संग्रह यांचा विचार आम्ही करणार आहोत. तो शेतकऱ्यासाठी जितका उपयुक्त, तितकाच औषध देणाऱ्या वैद्यासाठी आणि औषध बनविणाऱ्या निर्मात्यासाठी आवश्यक आहे, असे आमचे मत आहे.

नावांतच दडलेली ओळख

प्राचीनांनी द्रव्यांना दिलेली पर्यायनामे ही केवळ काव्यात्म विशेषणे नसून ती ओळखीची लक्षणे आहेत. कुटकीच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. तोडल्यावर आतून काळसर दिसते म्हणून ती कृष्णभेदा. मूलस्तंभाचा आडवा छेद घेतला असता चक्रासारखी रचना दिसते म्हणून चक्रांगी. अंगावर माशाच्या खवल्यांसारखी शल्कपत्रे असतात म्हणून मत्स्यशकला. पेरांनी भरलेली म्हणून शतपर्वा. तिक्ता आणि कटुरोहिणी ही नावे तर जिभेवर ठेवताच पटतात.

या सर्वांत लागवडीच्या दृष्टीने मोलाचे नाव म्हणजे कांडरुहा, अर्थात कांडापासून उगवणारी. आजचे कृषिशास्त्र ज्यास शाखीय अभिवृद्धी म्हणते, तिचे सूचन या एका नावात आले आहे. कुटकीची शेती आज मुख्यत्वे कांडांच्या तुकड्यांपासूनच केली जाते, हे पाहिले म्हणजे आपल्या निघंटुकारांच्या निरीक्षणाविषयीचा आदर अधिकच वाढतो.

येथे आपल्या भागापुरती एक सूचना आवश्यक वाटते. मेळघाटासारख्या आदिवासी पट्ट्यात ‘कुटकी’ या नावाचे एक बारीक भरडधान्य पिकते. त्याचा औषधी कटुकेशी काहीही संबंध नाही. शेतकऱ्यांशी या विषयावर बोलताना हा नामसाम्याचा घोटाळा आधीच दूर करावा.

मूळ स्थान आणि स्वरूप

पिक्रोऱ्हायझा कुर्रोआ हे कुटकीचे शास्त्रीय नाव. काश्मीरपासून हिमाचल व गढवालपर्यंतच्या हिमालयात, साधारणतः ३००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर, वृक्षरेषेच्या आसपास आणि तिच्या वरच्या गवताळ कुरणांत ती निसर्गतः आढळते. या कुरणांना गढवालात ‘बुग्याल’ म्हणतात. नेपाळपासून सिक्कीम, भूतान आणि तिबेटकडे तिची एक भगिनी-जाती आढळते. तीही व्यापारात कुटकी या नावानेच येते.

कुटकी ही जमिनीलगत पसरणारी बहुवर्षायू वनस्पती आहे. दातेरी कडांची, टोकाकडे रुंद होणारी पाने बुंध्याशी गुच्छाने येतात. जून ते ऑगस्ट या काळात मधोमध दांडा निघून त्यावर फिकट निळसर वा जांभळट फुलांची मंजिरी येते. शरद ऋतूत बीज पक्व होते, पाने सुकतात आणि नंतरचे कित्येक महिने ही वनस्पती बर्फाखाली निद्रिस्त राहते. बर्फ वितळताच ती पुन्हा अंकुरते. बर्फ तिला मारक नसून ते तिचे पांघरूणच आहे. वरचे थंड वारे कितीही बोचरे असले तरी बर्फाच्या थराखाली मूलस्तंभ सुरक्षित राहतो.

वर्षातील जेमतेम पाच-सहा महिनेच वाढ होत असल्यामुळे ही वनस्पती अतिशय सावकाश वाढते. तिचा औषधी भाग म्हणजे जमिनीखालील मूलस्तंभ व मुळे. पान वा फळ तोडले तर झाड उरते. मूळ उपटले तर रोपच संपते. कुटकीवरील सर्व संकटाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

आपल्या जमिनीत का नाही?

औषधी वनस्पतींच्या शेतीचे आकर्षण आपल्या भागात नवे नाही. सफेद मुसळीच्या लागवडीची लाट विदर्भाने पाहिलेली आहे आणि तिच्यात हात पोळलेले शेतकरीही आपल्या परिचयाचे आहेत. कापूस व सोयाबीनच्या भावाने त्रासलेला शेतकरी एखादे महाग औषधी पीक शोधत वैद्याकडे सल्ल्यासाठी येतो. अशा वेळी आपले उत्तर निःसंदिग्ध असावे.

अमरावती-यवतमाळ मार्गावरील नेर तालुक्याची उंची समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्याही आत आहे. उन्हाळ्यात येथील पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. कापसाची काळी जमीन पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हात भेगाळते. कुटकीला नेमके याच्या उलट हवे असते : थंड हवा, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध, भुसभुशीत व निचऱ्याची वालुकामिश्रित माती, सतत ओलावा पण साचलेले पाणी नाही, आणि हिवाळ्यात दीर्घ शीतनिद्रा. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, त्याची उंची १६४६ मीटर. म्हणजे आपल्या राज्यात कुटकीला मानवेल अशी भूमी कोठेही नाही. कुंडीत, शेडनेटमध्ये वा पॉलिहाउसमध्ये तिचे व्यापारी उत्पादन येथे घेता येईल, असे सांगून कोणी रोपे विकत असेल, तर शेतकऱ्यास वेळीच सावध करणे हे वैद्याचे कर्तव्य ठरते.

लागवड आणि संगोपन

हिमालयात मात्र कुटकीची शेती शक्य आहे, नव्हे ती होत आहे. श्रीनगर-गढवाल येथील उच्चस्थलीय वनस्पतींच्या संशोधन केंद्राने, पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा संस्थेने आणि चमोली जिल्ह्यातील गोपेश्वरच्या जडीबुटी शोध एवं विकास संस्थानाने या कामी दीर्घकाळ प्रयत्न केले आहेत. चमोली जिल्ह्याच्या देवाल विकासखंडातील घेस हे गाव तर कुटकीच्या शेतीसाठीच ओळखले जाऊ लागले. निसर्गतः उंचावर वाढणारी ही वनस्पती सुमारे २००० मीटरपासून वरच्या शेतांतही रुजविता येते, असा तेथील अनुभव आहे. कमी उंचीवर तिला अंशतः सावली द्यावी लागते.

अभिवृद्धीचे दोन मार्ग आहेत. पहिला बियांचा. बी अत्यंत सूक्ष्म असल्यामुळे ते खोल पेरून चालत नाही. बारीक चाळलेल्या, पालापाचोळ्याचे खत मिसळलेल्या मातीच्या वाफ्यावर ते पृष्ठभागीच विखुरतात, वर मातीचा नाममात्र थर देतात आणि तुषार पद्धतीने ओल टिकवितात. बियांपासूनची रोपे प्रारंभी फार नाजूक असतात आणि पीक तयार होण्यास अधिक काळ लागतो.

दुसरा मार्ग कांडरुहा या नावात सांगितलेला. जमिनीवर सरपटणाऱ्या धावत्या कांडाचे वा मूलस्तंभाच्या वरच्या भागाचे, डोळा व थोडी मुळे असलेले बोटभर तुकडे करून ते वाफ्यात लावतात. ते रुजले की बर्फ ओसरल्यावर, उन्हाळ्याच्या अखेरीस वा पावसाच्या प्रारंभी, मुख्य शेतात त्यांची पुनर्लागवड करतात. दोन रोपांत व दोन ओळींत सुमारे ३० सेंटीमीटर अंतर ठेवल्यास एका हेक्टरात एक लाख दहा हजारांच्या आसपास रोपे बसतात.

संगोपनाची सूत्रे थोडी पण काटेकोर आहेत. शेणखत वा पानखत लागवडीपूर्वीच जमिनीत चांगले मिसळावे. शेत उताराचे असावे अथवा वाफे उंच करावेत, म्हणजे पावसाळ्यात पाणी मुळाशी थांबत नाही. मुळे कुजणे हा या पिकाचा मोठा शत्रू आहे. पावसाळ्यात तण झपाट्याने वाढून हे बुटके रोप झाकून टाकते, म्हणून निंदणी हातानेच व वारंवार करावी लागते. मुळे उथळ असल्यामुळे खोल खुरपणी चालत नाही. पाऊस लांबल्यास हलके पाणी द्यावे. गुराढोरांपासून संरक्षणासाठी कुंपण घालावे.

पीक काढणीस येण्यास साधारणतः तीन वर्षे लागतात. काढणीचा योग्य काळ शरद ऋतू, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. तोवर बीज पक्व होऊन गळलेले असते, पाने सुकू लागलेली असतात आणि वीर्य मुळाकडे आलेले असते. काढणीच्या वेळी मूलस्तंभाचा वरचा डोळ्यांचा भाग तोडून पुन्हा लावला, तर पुढील पिकाचे बेणे घरचेच होते. काढलेला माल माती झटकून, गरजेपुरता धुऊन सावलीत वाळवितात. कडक उन्हात वाळविलेल्या वा अर्धवट वाळवून पोत्यात भरलेल्या मालाची प्रत टिकत नाही.

उपटणारे हात आणि कायदा

शेतीचा हा मार्ग उपलब्ध असूनही बाजारातील कुटकी दीर्घकाळ प्रामुख्याने रानातूनच आली. कुरणात कुटकी काढणाऱ्या गरीब संग्राहकास हंगामाच्या आत जितके मूळ हाती लागेल तितके हवे असते. बीज पक्व होण्याची वाट त्याने पाहिली, तर दुसरा कोणी ते रोप उपटून नेतो. परिणामी बीज पडत नाही, लहान रोपेही मोठ्यांबरोबर निघतात आणि एकदा ओरबाडलेले कुरण पुन्हा भरून येण्यास वर्षानुवर्षे लागतात.

ही स्थिती ओळखून १९९७ साली कुटकीचा समावेश जटामांसीसह ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. तेव्हापासून कच्च्या मालाचा देशादेशांतील व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. किरकोळ विक्रीसाठी सिद्ध व वेष्टित औषधांना त्यातून सूट आहे. नेपाळमार्गे येणाऱ्या मालाचा विचार करताना निर्मात्यांनी ही बाब ध्यानी ठेवावी.

पुढे काय होऊ शकते, याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. कुष्ठ, म्हणजे कुठ, हे द्रव्य १९८५ पासून याच कराराच्या पहिल्या, अर्थात सर्वाधिक कडक परिशिष्टात आहे. त्या द्रव्याच्या बाबतीत आधार ठरला तो लाहौलच्या शेतकऱ्यांनी केलेल्या लागवडीचा. कुटकीवर तशी वेळ येण्यापूर्वीच लागवडीचा आधार बळकट होणे इष्ट होय.

जैविक विविधता कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना रानातील वनस्पतींपेक्षा वेगळे मानून सवलत दिली आहे. मात्र तिचा लाभ घेण्यासाठी माल लागवडीचाच आहे, याचे उगम प्रमाणपत्र लागते. म्हणजेच लागवडीची कुटकी घेणे हे आता केवळ पुण्यकर्म राहिले नसून निर्मात्याच्या व्यावहारिक हिताचेही झाले आहे.

एका रुग्णामागचा हिशेब

आरोग्यवर्धिनीचे उदाहरण घेऊ. रसरत्नसमुच्चयातील या कल्पात कुटकी ही इतर सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतकी असते. म्हणजे गुटीचा निम्मा भाग कुटकीच होय. रुग्णास प्रतिदिन एक ग्रॅम आरोग्यवर्धिनी दिली, तर महिन्यास ३० ग्रॅम होते आणि तीत सुमारे १५ ग्रॅम कुटकी जाते.

आता हिशेबापुरते एका रोपाचे वाळलेले मूळ पाच ग्रॅम धरू. याचा अर्थ, एका रुग्णाच्या एका महिन्याच्या औषधामागे हिमालयातील तीन रोपे, आणि प्रत्येक रोपामागे तीन वर्षे.

निर्मात्याचा हिशेब याच मार्गाने जातो. वर्षाला १०० किलो आरोग्यवर्धिनी करणाऱ्या लहान फार्मसीस ५० किलो कुटकी लागते. तेवढ्यासाठी दहा हजार रोपे हवीत. ३० सेंटीमीटर अंतराने ती लावली, तर ९०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे नऊ गुंठे जमीन लागते. पीक तीन वर्षांचे असल्यामुळे दरवर्षी ५० किलो मिळत राहावयाचे असेल, तर सत्तावीस गुंठे क्षेत्र सतत कुटकीखाली असावे लागते. कोणा पहाडी शेतकऱ्याची एक एकराहून कमी जमीन आपल्या एका फार्मसीसाठी राबू शकते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

हा हिशेब निराशेचा नाही. सत्तावीस गुंठे ही काही आवाक्याबाहेरची गोष्ट नव्हे. परंतु आज मागणी नोंदवून उद्या पीक मिळत नाही. तीन वर्षांनंतर माल घेणारा कोणी आहे, याची खात्री असल्याशिवाय शेतकरी आपले शेत तीन वर्षे अडकवून ठेवणार नाही. आणि ती खात्री खरेदीदारच देऊ शकतो.

खरेदी, परीक्षण आणि साठवण

नेरमधील वा यवतमाळ जिल्ह्यातील एखादी फार्मसी एकटी हिमालयातील शेतकऱ्याशी करार करू शकेल, असे नाही. पण चार-पाच फार्मसींनी आपली वार्षिक गरज एकत्र मांडली, तर शेतकरी गटाशी वा तेथील सहकारी संस्थेशी थेट बोलणे शक्य होते. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची विभागीय केंद्रे हिमाचलात जोगिंदरनगर येथे आणि आपल्याकडे पुणे येथे आहेत. उत्पादक व खरेदीदार यांची गाठ घालून देण्यासाठी त्यांचे साहाय्य घ्यावे. व्यापाऱ्याकडून माल घेतानाही तो लागवडीचा की रानातला, कोणत्या जिल्ह्यातला, कोणत्या हंगामातला, हे विचारावे आणि वाहतूक परवान्याची व उगम प्रमाणपत्राची प्रत मागावी. वारंवार विचारणा होऊ लागली की व्यापारीही कागद ठेवू लागतात. २००० साली अधिसूचित झालेल्या ‘शेड्यूल टी’नुसार कच्च्या मालाच्या नोंदी ठेवणे निर्मात्यास बंधनकारक आहेच, त्या नोंदीत एक रकाना उगमाचा वाढवावा.

माल हाती आल्यावर परीक्षण टाळू नये. उत्तम कुटकीचा मूलस्तंभ वेड्यावाकड्या दंडगोलाकार तुकड्यांत येतो. बाहेरून करडा-तपकिरी रंग, लांबीच्या दिशेने सुरकुत्या, गळालेल्या पानांच्या व मुळांच्या खुणा आणि टोकाशी शल्कपत्रे असतात. वाकविताच तो कट्‌कन तुटतो. आतील भाग काळसर व चक्राकार दिसतो. कडवटपणा जिभेवर दीर्घकाळ रेंगाळतो. लवचिक, न तुटता वाकणारा माल ओला समजावा. बुरशीचा वास येणारा माल परत करावा. लॅगोटिस जातीचे मूलस्तंभ आणि जेन्शियाना कुर्रू या दुर्मिळ वनस्पतीची मुळे यांची कुटकीत भेसळ होते, म्हणून केवळ कडू चवीवर विसंबून राहू नये. शंका आल्यास सूक्ष्मदर्शक परीक्षण व पिक्रोसाइड या घटकांची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी.

आपल्याकडील पावसाळी हवेत कुटकी ओलावा लवकर शोषून घेते. म्हणून ती जमिनीवर न ठेवता फळीवर, घट्ट झाकणाच्या पिंपात, भिंतीपासून दूर ठेवावी. मृगापूर्वी एकदा आणि दिवाळीपूर्वी एकदा साठा उघडून पाहावा. आवश्यक तेवढेच चूर्ण करावे. अखंड मूलस्तंभ चूर्णापेक्षा अधिक काळ टिकतो. साठ्यात कुजून फेकलेली प्रत्येक किलो कुटकी म्हणजे दोनशे रोपे वाया गेली, हा हिशेब भांडारपालासही समजावून सांगावा.

वैद्यांचा विवेक

शास्त्रोक्त कल्पात कुटकी सांगितली असेल तेथे कुटकीच घालावी. तिच्या जागी दुसरे कडू द्रव्य घालून तेच नाव लावणे हे शास्त्रास व कायद्यास दोहोंसही मान्य नाही. परंतु एकेरी द्रव्य योजताना वैद्यास निवडीचे स्वातंत्र्य असते. भुईआवळी, गुळवेल, निंब, पुनर्नवा ही द्रव्ये आपल्या शिवारात, बांधावर वा परसात मिळतात किंवा सहज लावता येतात. दोष, दूष्य, अग्नी व बल यांचा विचार करून जेथे ती पुरेशी ठरतात, तेथे ती आधी योजावीत आणि जेथे कटुकेचाच भेदन गुण अपेक्षित आहे, तेथे कुटकी राखून ठेवावी. औषधी पीक शोधत येणाऱ्या शेतकऱ्यासही याच यादीकडे वळविता येईल. मात्र खरेदीदार आधी निश्चित करावा आणि क्षेत्र अल्प ठेवून प्रारंभ करावा, असेच सांगावे.

या विषयाचा सारांश असा की, कुटकीचे रोप हिमालयात लावले जाते, पण ते लावावे की नाही याचा निर्णय मोठ्या प्रमाणात खरेदीदाराच्या हाती असतो. आपण रानातील स्वस्त माल विनाचौकशी घेत राहिलो, तर शेतकरी कुटकी लावणार नाही आणि काही वर्षांनी रानातही ती सापडणार नाही. उगम विचारून, योग्य दर देऊन, पुढील तीन वर्षांची मागणी आधी नोंदविली, तर तीच कुटकी पुढील पिढीच्या वैद्यांनाही मिळत राहील.

येत्या वर्षाकरिता सभासद फार्मसींनी आपली कुटकीची वार्षिक गरज किलोमध्ये मांडून ती एकत्र करावी, तसेच वैद्यबंधु-भगिनींनी आपल्या औषधालयातील साठा एकवार तपासावा, अशी आमची नम्र विनंती आहे.